चीज, बोकड आणि परवानगी

२०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये पोलीस एका चीज बनवणाऱ्या बाईंच्या घरी जाऊन पोचले. बाई ८६ वर्षांच्या. जवळच्या टेकडीवर दरवर्षी होणाऱ्या शर्यतीसाठी डबल ग्लॉस्टर चीजची चाकं त्या कित्येक वर्षं पुरवत होत्या. पोलिसांनी त्यांना समज दिली की तुमच्या चीजमागे धावताना कुणाचं हाड मोडलं, तर जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. मग त्या वर्षी टेकडीवरून फोमचं नकली चीज सोडण्यात आलं. धावणारे मात्र खरे होते आणि पडलेही खरेच.

ही शर्यत ब्रॉकवर्थ गावाजवळच्या कूपर्स हिलवर, मेअखेरच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी होते. तिचा पहिला लेखी उल्लेख १८२६ मधला, ग्लॉस्टरच्या दवंडीवाल्याला धाडलेल्या मजकुरातला. उतार साधारण १८० मीटरचा, पण इतका उभा की त्यावरून धावणं असं काही होतच नाही. वर उभा असलेला सूत्रधार आकडे मोजतो. तीनला चीज सुटतं, चारला माणसं सुटतात. पहिल्या चार-पाच ढांगा धावल्यासारख्या दिसतात. मग धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस कोलांट्या खात, कधी पाठीवर तर कधी तोंडावर आपटत खाली येतो. खाली स्थानिक रग्बी क्लबचे दणकट गडी उभे असतात. अंगावर येणाऱ्या माणसाला कवेत घेऊन थांबवायचं, एवढंच त्यांचं काम. चीज सहसा कुणाच्या हाती लागत नाही. जो आधी खाली पोचेल त्याला ते बक्षीस मिळतं. २०२३ मध्ये बायकांची शर्यत एका कॅनेडियन तरुणीनं जिंकली. रेषा ओलांडताना ती बेशुद्ध होती. आपण जिंकलो हे तिला प्रथमोपचाराच्या तंबूत डोळे उघडल्यावर कळलं.

हसू येतं खरं. पण या टेकडीवर एक सार्वजनिक प्रश्न गेली पंधराएक वर्षं अडकून पडलाय आणि तो एका चीजपुरता नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा विक्षिप्त प्रथा गावोगाव आहेत: कुणी पेटतं पिंप खांद्यावर घेऊन धावतं, कुठे गाव दोन तटांत विभागून दोन दिवस एका चेंडूसाठी झोंबतं, कुठे बोकडाला राजा करतात. त्यांच्यावर पोलीस, विमा कंपन्या, प्राणिमित्र, स्त्रीहक्कवाले आणि वंशद्वेषाविरुद्ध लढणारे असे सगळे या ना त्या कारणानं बोलत असतात. वाद ठरलेल्या वळणानं जातो. एक बाजू म्हणते, शेकडो वर्षांची परंपरा आहे, हात लावू नका. दुसरी म्हणते, एकविसाव्या शतकात हे कसलं रानटीपण, बंद करा. माझ्या मते दोघेही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. प्रथा किती जुनी आहे हा प्रश्न निकालासाठी बिनकामाचा आहे आणि ती आजच्या काळाला शोभते का हाही तितकाच बिनकामाचा. विचारायचं ते इतकंच, की हिचा त्रास ज्याला होतो त्याला बाजूला होण्याची सोय आहे का? चीजमागे धावणाऱ्याला ती आहे. त्यानं धावू नये, घरी बसावं. जिथे ती सोय नाही तिथे प्रथेनं बदललं पाहिजे, आणि तो बदल आतून झाला तर उत्तम.

आधी जुनेपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त भाव त्यालाच मिळतो. स्टॅफर्डशायरच्या ॲबट्स ब्रॉम्ली गावात सप्टेंबरमध्ये रेनडिअरची शिंगं खांद्यावर घेऊन दिवसभर नाचतात. कार्बन चाचणीत ती शिंगं अकराव्या शतकातली निघाली. मग काय, नाचही हजार वर्षांचा ठरला. प्रत्यक्षात त्या नाचाच्या शिंगांचा लेखी उल्लेख सतराव्या शतकातला आहे. शिंगं जुनी असल्यानं नाच जुना ठरत नाही, पण पर्यटकांच्या पत्रकात एवढा फरक कोण करतो? आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या किलऑर्ग्लिनच्या पक फेअरचं, म्हणजे बोकडाला राजा करणाऱ्या जत्रेचंही तेच. इंग्लंडचा राजा जेम्स पहिला याच्या काळात, १६१३ मध्ये, तिथे जत्रेची सनद दिली गेली हे खरं. पण बोकडाला मुकुट कधीपासून घालतात याच्या दंतकथाच आहेत. एका कथेत बोकड चाल करून आलेल्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याची चाहूल देतो, दुसरीत काही तिसरंच.

सगळ्यात बोलका दाखला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचा. लर्विक गावात जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी ‘अप हेली आ’ असतो. जवळजवळ हजार माणसं मशाली घेऊन निघतात, पुढे व्हायकिंग वेषातला ‘गायझर यार्ल’ आणि त्याचं पथक असतं आणि शेवटी लाकडी व्हायकिंग जहाजावर मशाली फेकून ते जाळून टाकतात. पाहणाऱ्याला वाटावं, नॉर्वेचे दर्यावर्दी कालच किनाऱ्याला लागले. वस्तुस्थिती अशी की एकोणिसाव्या शतकात लर्विकची तरणी पोरं नाताळाच्या सुमारास दारू पिऊन पेटत्या डांबराची पिंपं गल्लीबोळांतून ओढायची. १८७० च्या दशकात ते बंद पाडण्यात आलं. त्या जागी गावातल्या सुधारकांनी, दारूबंदीच्या चळवळीतल्या मंडळींनीसुद्धा, मशालींची शिस्तबद्ध मिरवणूक आणली. व्हायकिंग जहाज १८८० च्या दशकाअखेर आलं आणि ‘यार्ल’ हा मुख्य मान तर १९०६ चा. म्हणजे हा ‘प्राचीन नॉर्स वारसा’ आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या वयाचा आहे.

हे सांगतो ते कुणाला खोटं पाडायला नाही. सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला आहे म्हणून तो कमी खरा ठरत नाही, तसंच हेही. पण लर्विकमध्ये पुढे काय झालं ते बघा. मिरवणुकीत बायकांना मज्जाव होता. त्यांनी पुरुषांसाठी हॉल सजवायचे, रात्रभर सूप आणि सँडविच करायचे, आलेल्या पथकांबरोबर नाचायचं. मुख्य मिरवणुकीत त्यांना मशाल मिळायची नाही. विचारलं की उत्तर तयार असायचं: परंपरा आहे. गंमत म्हणजे त्याच बेटांवरच्या खेड्यांमधल्या ‘अप हेली आ’मध्ये बायका कधीच्या सामील होत होत्या आणि २०१५ मध्ये साउथ मेनलँडच्या उत्सवाची यार्ल एक बाई होती. तरी लर्विकची समिती २०२२ पर्यंत हलली नाही. त्या वर्षी बंधन काढलं आणि २०२३ च्या जानेवारीत बायका आणि मुली यार्लच्या पथकातून चालल्या. आभाळ कोसळलं नाही. जहाज जळायचं तसंच जळलं. डर्बीशायरच्या ॲशबर्नला श्रोव्हटाइडच्या, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतानाच्या दिवसांतल्या, चेंडूच्या झोंबाझोंबीत १९४३ मध्येच दोन बायकांनी गोल केले होते, तेव्हा युद्ध चालू होतं आणि परंपरेचा मुद्दा काढायला फारसं कुणी मोकळं नसावं.

आता बंदीचं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकार आणि नगरपालिका अशा प्रथांच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. १८३५ च्या हायवेज ॲक्टनं रस्त्यात फुटबॉल खेळण्यावर दंड बसवला. डर्बी शहरातला श्रोव्ह मंगळवारचा सामुदायिक फुटबॉल १८४६ मध्ये खास शिपाई आणि घोडेस्वार सैन्य आणून मोडला आणि तो संपला तो संपलाच. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या ॲशबर्नमध्येही १८६० च्या सुमारास खेळाडूंवर खटले भरले. पण तिथल्या लोकांनी तडजोड केली. चेंडू बाजारपेठेत वर फेकायचा तो गावाच्या कडेला शॉ क्रॉफ्ट नावाच्या मोकळ्या जागेत फेकायला लागले. ती जागा आता गाडीतळ आहे आणि श्रोव्ह मंगळवारी दुपारी दोनला चेंडू आजही तिथूनच वर जातो.

या खेळाचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण तडजोड कशी दिसते ते इथे नीट कळतं. गावातून हेन्मोर ओढा वाहतो. ओढ्याच्या एका अंगाला जन्मलेले ते ‘अपर्ड्‌स’, दुसऱ्या अंगाचे ‘डाउनर्ड्‌स’. गोल दोन, एकमेकांपासून सुमारे तीन मैलांवर, जुन्या गिरण्यांच्या जागी. चेंडू बुचाच्या भुशानं भरलेला, जड, हातानं रंगवलेला. तो लाथाडण्यापेक्षा कवटाळून घुसायचं असतं आणि माणसांचा एक वाफाळता ढीग तासन्‌तास ओढ्यात, शेतात, गल्लीत सरकत राहतो. गोल करायचा म्हणजे जात्याच्या दगडावर चेंडू तीनदा आपटायचा. नियम मोजके आहेत. खून करायचा नाही, हा त्यातला एक जुना आणि लोकप्रिय नियम. वाहनातून चेंडू न्यायचा नाही. चर्चच्या आवारात आणि दफनभूमीत शिरायचं नाही. आणि दुकानदार? ते आदल्या दिवशी आपणच खिडक्यांना फळ्या ठोकतात. कुठलाही कायदा त्यांना तसं सांगत नाही. ज्यांना त्रास होणार त्यांना तो केव्हा, कुठे आणि कितीपर्यंत होणार हे ठाऊक आहे आणि त्यांनी ते मान्य केलंय. माझ्या कसोटीला हा खेळ सहज उतरतो. १९२८ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, चेंडू फेकायला आला म्हणून नावामागे ‘रॉयल’ लागलं, ते निव्वळ शोभेचं.

बंदी घालणाऱ्याला बऱ्याचदा आपण काय बंद करतोय हेही माहीत नसतं. केंब्रिजशायरच्या व्हिटल्सी गावात नांगरणीच्या हंगामाच्या सुरुवातीला, जानेवारीत, एका माणसाला पेंढ्यानं आपादमस्तक गुंडाळून ‘स्ट्रॉ बेअर’, म्हणजे पेंढ्याचं अस्वल, करायचे आणि साखळीला धरून दारोदार नाचवायचे. शेतमजुरांना हिवाळ्यात काम नसायचं; चार पैसे, बिअरचा एखादा मग मिळायचा. १९०९ मध्ये एका पोलीस इन्स्पेक्टरला ही भीक मागणं वाटली आणि अस्वल बंद झालं. कुणाला इजा नव्हती की कुणाची तक्रार होती असं नाही, साहेबाला रुचलं नाही. १९८० मध्ये स्थानिक मंडळानं ते पुन्हा उभं केलं. आता तो आठवड्याअखेरचा मोठा उत्सव आहे, दुरून नर्तक येतात आणि रविवारी पेंढा जाळतात. छान आहे सगळं. पण ज्या मजुरांच्या पोटासाठी अस्वल नाचायचं ते मजूर त्यात उरले नाहीत. सत्तर वर्षांची खंड पडली की दोरी जोडता येते, गाठ राहतेच.

मग आतून बदल म्हणजे काय? आयर्लंडमधला ‘रेन डे’ बघण्यासारखा आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफन्स डेला, पोरं रेन नावाचा चिमुकला पक्षी काटेरी झुडपांतून हुसकून मारायची, त्याला काठीच्या टोकाला बांधून दारोदार न्यायची आणि गायची, की हा पाखरांचा राजा, याच्या क्रियाकर्मासाठी काहीतरी द्या. जमलेल्या पैशांत रात्री खाणंपिणं आणि नाच. केरीतल्या डिंगल गावात हा दिवस आजही जोरात असतो. पेंढ्याचे झगे, तोंडावर पेंढ्याचे मुखवटे, बासऱ्या आणि ढोल, गल्लीगल्लीची आपापल्या रंगांची पथकं. पक्षी मात्र खोटा. जिवंत रेन मारणं लोकांनीच सोडून दिलं आणि पैसे बहुतेक ठिकाणी धर्मादायाला जातात. ज्याच्या नावानं दिवस ओळखला जातो तो बळीच प्रथेतून गेला, तरी प्रथा टिकली. आमचं मूळच नाहीसं होईल, अशी भीती घालणाऱ्यांना मी आधी डिंगलला पाठवीन.

किलऑर्ग्लिनला हे इतक्या सहज जमलं नाही. ऑगस्टच्या १०, ११ आणि १२ तारखांना पक फेअर भरते. डोंगरातून रानबोकड पकडून आणतात, शाळकरी मुलगी राणी होऊन त्याच्या शिंगांवर मुकुट ठेवते आणि ‘किंग पक’ला उंच मचाणावरच्या पिंजऱ्यात चढवतात. खाली तीन दिवस घोडे आणि गुरांचा बाजार, गाणीबजावणी, रात्री उशिरापर्यंत उघडे पब. वर बोकड. प्राणिमित्र वर्षानुवर्षं ओरडत होते आणि आयोजक म्हणत होते, बोकडाची बडदास्त आमच्यापेक्षा चांगली असते, खायला कोबी, पाहायला पशुवैद्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उन्हाचा तडाखा इतका होता की बोकड खाली उतरवावा लागला आणि पुढे त्याचा मचाणावरचा मुक्काम कमी करण्यात आला. जत्रा चालूच आहे. बोकडाला बाजूला होण्याची सोय नव्हती, ती माणसांना करून द्यावी लागली. फक्त ती उन्हानं करायला लावली, विचारानं नाही, याचं वाईट वाटतं.

इथपर्यंत माझी बाजू सोपी होती. आता अडचणीचं उदाहरण. लँकेशायरच्या बेकप गावात ईस्टरच्या शनिवारी ‘ब्रिटानिया कोको-नट डान्सर्स’ गावाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत नाचत जातात. पायात लाकडी तळव्यांचे क्लॉग, हातांना, गुडघ्यांना आणि कमरेला लाकडी चकत्या. त्या एकमेकींवर आपटून ताल धरायचा. आणि तोंडं काळी. ते म्हणतात, आमचा काळा रंग खाणकामगारांचा, कोळशाचा. अभ्यासकांपैकी बरेच जण म्हणतात, एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंड काळं करून काळ्या गुलामांची टिंगल करत, त्या मिन्स्ट्रल खेळांची ही सावली आहे. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असू शकतं. मॉरिस या इंग्रजी लोकनृत्याच्या ब्रिटनमधल्या तिन्ही संघटनांनी २०२० च्या जुलैमध्ये मिळून ठरवलं, की यापुढे सबंध तोंड काळं रंगवायचं नाही. वेल्सच्या सीमेवरच्या काउंट्यांमधल्या पुष्कळ पथकांनी निळा, हिरवा, जांभळा रंग काढला, कुणी मुखवटे घेतले, आणि खरं सांगायचं तर ते जास्त भीतिदायक आणि देखणे दिसतात. बेकपवाल्यांनी संघटना सोडली, रंग सोडला नाही.

माझ्या कसोटीवर याचं काय करायचं? रस्त्यावरून जाणाऱ्या काळ्या माणसाला बाजूला होण्याची सोय आहे, तो दुसऱ्या गल्लीनं जाऊ शकतो, असं कुणी म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण आपल्याच गावात सणाच्या दिवशी दुसऱ्या गल्लीनं जावं लागणं याला सोय म्हणत नाहीत. कॉर्नवॉलच्या पॅडस्टोमध्ये नाताळातल्या अशाच काळ्या तोंडांच्या मिरवणुकीची २००५ मध्ये पोलिसांनी चौकशी केली. खटला काही उभा राहिला नाही. मला ते बरंच वाटलं. पोलिसांनी रंगाच्या डब्या जप्त केल्या असत्या तर पुढची पन्नास वर्षं तो रंग हुतात्मा झाला असता. याउलट ससेक्समधल्या लूइस गावाचं घ्या. तिथे ५ नोव्हेंबरच्या होळीला, म्हणजे १६०५ मध्ये पार्लमेंट उडवण्याचा कॅथलिकांचा कट फसला त्याच्या स्मरणाला, एका मंडळाचे लोक झुलू योद्धे म्हणून तोंडं काळी करून चालायचे. २०१७ मध्ये झुलू नर्तकांच्या एका पथकाला निमंत्रण गेलं आणि त्यांनी अट घातली, की तुम्ही तोंड काळं करणार असाल तर आम्ही येणार नाही. मंडळानं काळा रंग सोडला. ज्यांची नक्कल करतोय तीच माणसं समोर येऊन बोलली की वाद फार काळ टिकत नाही. बेकपच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, त्यांनी रंग बदलावा. पण सक्ती नको. निमंत्रणं, अनुदानं आणि रंगमंच रोखून धरावेत. संघटनेनं केलं ते योग्यच केलं.

लूइसचं नाव निघालंच आहे तर तिथली होळी साधीसुधी नाही. कॅथलिक राणी मेरी ट्यूडरच्या काळात, १५५५ ते १५५७ मध्ये, तिथे १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं. त्यांच्या नावानं १७ पेटते क्रूस मिरवतात आणि एक मंडळ पाचव्या पॉल पोपचा पुतळा अजून जाळतं. गर्दी इतकी होते की अलीकडे त्या रात्री रेल्वेगाड्या लूइसला थांबवतच नाहीत. पोपचा पुतळा आज इंग्लंडमध्ये कुणाला घाबरवत नाही; कॅथलिक माणूसही शेजाऱ्यांबरोबर उभा राहून बघतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. म्हणजे तोच पुतळा, तीच आग, पण दुबळं कोण आहे यावर अर्थ बदलतो.

आणि म्हणूनच उत्तर आयर्लंडमध्ये माझा उदारपणा संपतो. ११ जुलैच्या रात्री, प्रोटेस्टंट राजानं कॅथलिक राजाला हरवलं त्या बॉइनच्या १६९० च्या लढाईच्या स्मरणाच्या आदल्या रात्री, प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये लाकडी पॅलेटचे प्रचंड डोंगर रचून पेटवतात. पोरं आठवडेच्या आठवडे राबतात, रात्री पहारा देतात, एकमेकांच्या वस्तीतलं लाकूड पळवतात. त्यात एक अस्सल कौशल्य आहे आणि बेकार पोरांचा अभिमानही आहे. २०२२ मध्ये लार्न इथे रचताना वरून पडून एक जण मेला, तरी त्याबद्दल मी कूपर्स हिलसारखंच म्हणेन. पण २०२५ च्या जुलैत टिरोन काउंटीतल्या मॉयगॅशेलमध्ये त्या ढिगावर एक नाव ठेवली होती, नावेत लाइफजॅकेट घातलेले स्थलांतरितांचे पुतळे, आणि ‘नावा थांबवा’ अशी पाटी. ते पेटवलं. आयर्लंडच्या चर्चचे आर्चबिशप जॉन मॅकडॉवेल यांनी उघड निषेध केला, पोलिसांनी द्वेषाची घटना म्हणून नोंद केली, आणि काही पुढारी म्हणाले, ही कलात्मक निषेधाची परंपरा आहे. त्याच आठवड्यात बेलफास्टमध्ये एक ढीग दोन मोठ्या रुग्णालयांना वीज देणाऱ्या केंद्राजवळ, ॲस्बेस्टॉस पडलेल्या जागेवर रचला होता. नगरपालिकेच्या समितीनं तो हटवायचं ठरवलं. पोलीस म्हणाले, हटवायला गेलो तर जास्त भडका उडेल. पेटला.

त्या नावेतल्या पुतळ्यांकडे बघणाऱ्या निर्वासित कुटुंबानं कुठे जायचं? रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागानं कुठे सरकायचं? इथे आतून बदल होईल म्हणून वाट बघणं म्हणजे ज्यानं काठी धरलीय त्यालाच पंच नेमणं. आणि कायद्याचं इथे काही चालत नाही असं म्हणायलाही जागा नाही. पोर्टडाउनजवळच्या ड्रमक्रीतून ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेची मिरवणूक दर जुलैला कॅथलिक वस्तीच्या गार्व्हेही रोडवरून जायची. १९९५ ते १९९८ मध्ये त्यावरून अख्खा प्रांत पेटायची वेळ आली. १९९८ च्या कायद्यानं मिरवणुकांचा निवाडा करणारं परेड्स कमिशन आलं, त्यानं त्या रस्त्याला मनाई केली, आणि तेव्हापासून ती मिरवणूक तिथून गेलेली नाही. परवानगीचा अर्ज मात्र येतच राहिला. चर्चपर्यंत मिरवणूक होते, बँड वाजतो, झेंडे फडकतात. फक्त दुसऱ्याच्या दारावरून जायचं नाही. ऑरेंज ऑर्डर त्यामुळे बुडाली नाही.

अशा टोकाच्या जागा सोडल्या तर प्रथांना खरा धोका बंदीहुकमापेक्षा कागदपत्रांचा आहे. कूपर्स हिलला कुणी कधी कायद्यानं बंदी घातली नव्हती. २००९ मध्ये अंदाजे १५ हजार माणसं लोटली, टेकडीला झेपतील त्याच्या तिपटीपेक्षा जास्त. २०१० ची अधिकृत शर्यत सुरक्षिततेच्या कारणानं रद्द झाली. पुढच्या वर्षी आयोजकांनी रुग्णवाहिका आणि कुंपणाच्या खर्चासाठी २० पौंड तिकीट लावायचं म्हटलं, तर गावकऱ्यांनी त्यांनाच शिव्या घातल्या. आयोजकांनी हात वर केले. तेव्हापासून शर्यत होते, पण तिचा आयोजक कुणीच नाही. आयोजक नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून अधिकृत रुग्णवाहिका नाही. २०२५ मध्ये स्थानिक सुरक्षा सल्लागार गटानं काळजी व्यक्त केली, की एकाच वेळी पुष्कळ जण जखमी झाले तर भागातली वैद्यकीय सेवा कोलमडेल. काळजी रास्त आहे. पण सगळ्यांनी नियम पाळल्यामुळे शर्यत पूर्वीपेक्षा कमी सुरक्षित झाली, याचं श्रेय कुणाला द्यायचं?

हे फक्त गोऱ्यांच्या चीजचं दुखणं नाही. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी भारताबाहेरच्या सगळ्यात मोठ्या दिवाळ्यांपैकी एक. गुजराती मंडळी पुढे, पण आसपासच्या शहरांतली मराठी घरंही पोराबाळांना घेऊन तिथे जातात. २०२५ मध्ये गर्दीच्या धोक्याचं कारण देऊन तिथला रंगमंच आणि आतषबाजी काढून टाकली. दिवे लागले, माणसं आली, सोहळ्याचा गाभा मात्र गेला. या गर्दीच्या प्रश्नात तथ्य आहे, दक्षिण आशियात चेंगराचेंगरी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण गर्दी आवरायची तर माणसं, कुंपणं आणि रुग्णवाहिका लागतात. आणि त्यांना पैसे लागतात. ते द्यायचे नसले की ‘सुरक्षितता’ हा शब्द फार उपयोगी पडतो. दहीहंडीला महाराष्ट्र सरकारनं २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदांसाठी विम्याची सोय केली, त्यात राजकीय हिशेब किती होता हे सांगायची गरज नाही. तरी पडणाऱ्याच्या उपचाराचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न निदान उघड्यावर मांडला गेला.

ब्रिटननं २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या युनेस्को कराराला मान्यता दिली. आयर्लंडनं २०१५ मध्येच दिली होती. आयर्लंडच्या राष्ट्रीय यादीतून हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ, इलियन पाइप्स हे बॅगपाइपसारखं वाद्य आणि हार्पवादन युनेस्कोच्या यादीत पोचलं. ब्रिटनमध्येही आता याद्या होतील. मला याद्यांचं फारसं कौतुक नाही. यादीत नाव गेलं की प्रथेचा एक नमुना ठरतो, आणि पुढे कुणी पक्ष्याऐवजी खोटा पक्षी लावायला निघालं तर नोंदवलेल्या रूपात बदल केल्याचा आक्षेप येतो. लर्विकची यादी २०२० मध्ये झाली असती तर त्यात ‘सहभाग: पुरुष’ असं सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं गेलं असतं.

तरीही यादी करायचीच असेल तर तिच्या अर्जात वयाचा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी एक रकाना ठेवावा: गेल्या दहा वर्षांत तुमच्या प्रथेला कुणी हरकत घेतली आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत? ज्यांच्याकडे सांगण्यासारखं उत्तर असेल, मग ते ‘आम्ही ऐकलं आणि मानलं नाही, कारण असं’ एवढंच का असेना, त्यांना विमा आणि रुग्णवाहिकेसाठी सरकारी तिजोरीतून पैसे द्यावेत. कूपर्स हिलवाल्यांकडे उत्तर आहे, फक्त अर्ज भरायला माणूस नाही. बेकपवाल्यांना तो रकाना भरताना घाम फुटेल, फुटू दे. मॉयगॅशेलहून अर्ज आला तर तो सांस्कृतिक खात्यानं उघडूच नये, सरळ पोलिसांकडे पाठवावा.